पंचांच्या बैठकीतला स्वेटर

महाडच्या आमच्या घरात एकही मालिका धड बघून होत नसे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाबा टीव्हीसमोर बसत ते चुका धरायलाच. नायिका ढसाढसा रडत असायची, आईनं डोळ्यांना पदर लावलेला असायचा आणि बाबा ओरडायचे, "थांबा! मघाशी टिकली गोल होती, आता लांबट झाली!"

"अहो, तिचं पोर हरवलंय."

"म्हणून टिकली लांबते?"

एका हिवाळ्यात उमरठहून मामाचा फोन आला. त्याच्या वाडीत एका मालिकेचं शूटिंग आलं होतं. "भावजी, या तुम्ही. म्हातारी माणसं पायजेत त्यांना." म्हातारी हा शब्द बाबांना लागला, पण सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही तिघं निघालो.

देवळासमोर पंचांच्या बैठकीचा प्रसंग होता. कुणाचा पदर कसा, कुणाच्या हातात काय, याचे मोबाइलवर फोटो काढत एक मुलगी धावपळ करत होती. बाबा तिच्या मागेच लागले. "त्यांचा कप मघाशी डाव्या हातात होता. नायकाचं वरचं बटण बघा."

"हो काका, बघते काका," ती म्हणत राहिली. शेवटी दिग्दर्शकानं बाबांना पंचांमध्ये बसवलं. पंचांनी नुसती मान हलवायची, तोंडातून शब्द काढायचा नाही! आईला मागे बायकांच्या घोळक्यात उभं केलं आणि बजावलं, "मावशी, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हां."

सकाळी गारठा होता, म्हणून बाबांच्या अंगात आईनं विणलेला तपकिरी स्वेटर होता. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा चालला. ऊन चढलं तसा बाबांनी स्वेटर काढून मांडीखाली घेतला. ती मुलगी तेव्हा नायकाची हरवलेली शाल शोधत फिरत होती. दुपार कलल्यावर वारा सुटला आणि स्वेटर पुन्हा चढला.

तो भाग लागला त्या दिवशी अर्धी आळी आमच्याकडे जमली होती. मामाही आला होता. पडद्यावर नायक गरजला, "हा अन्याय आहे!" मागे बाबा, स्वेटरमध्ये. नायिकेनं हंबरडा फोडला, "कुणीच बोलणार नाही का?" बाबा नुसत्या सदऱ्यात. नायक पंचांकडे वळला, तर बाबा पुन्हा स्वेटरमध्ये, गंभीरपणे मान हलवताहेत.

मग आईच ओरडली, "थांबा! स्वेटर!"

"भावजी, यका बैठकीत हिवाळा-उन्हाळा दोन्ही केलात की!" म्हणत मामा हसून हसून खाटेवरून घसरला.

"एडिटिंगवाल्याची चूक आहे ती," बाबा म्हणाले, पण ऐकतंय कोण? बाजारात भाजीवालीसुद्धा विचारायला लागली, "सर, आज थंडी हाय का नाय?" बाबा काही दिवस फुगून बसले. मग त्यांनाच मजा वाटू लागली. घरी कुणी आलं की मोबाइलवर तो प्रसंग स्वतःच लावून दाखवायचे.

एकदा आई स्वयंपाकघरात असताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि चित्र मध्येच थांबवलं. नायिका रडत होती. मागच्या सगळ्या बायका माना खाली घालून उभ्या, आणि त्यांच्यामध्ये आई, थेट कॅमेऱ्यात बघत छान हसत होती.

"दिसलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"तिला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "किती छान आलीये."