ल रांगेतली एकेचाळीस

मावशीने रेफरीला कवळी फेकून मारली, असं आमच्या गल्लीतली निम्मी माणसं छातीठोकपणे सांगतात. उरलेली निम्मी म्हणतात, छे, तिने रेफरीचे दात पाडले आणि मग स्वतःच कवळी बसवून देऊन एक गिऱ्हाईक वाढवलं. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये ही गोष्ट ऐकली तर रेफरी बेशुद्ध पडतो, आणि दाढी-कटिंग दोन्ही करायचं असेल तर अॅम्ब्युलन्ससुद्धा येते.

खरं एवढंच, की कवळी उडाली. पण मावशीच्या हातातून नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे घड्याळजी बसतात, त्यांच्या तोंडातून. रेफरीने पेनल्टी नाकारली, घड्याळजी उठले आणि त्यांनी जी काही शिवी हासडली, तिच्याबरोबर वरचे चौदाच्या चौदा दात कठड्यापलीकडे गेले. मैदानावरच्या शिपायाने ते रुमालात धरून, मेलेला उंदीर आणावा तसे परत आणले. मावशीने रुमाल उघडला, दात उलटे केले, पुन्हा सुलटे केले आणि ओरडली, "अगं बाई! हे तर माझं काम!"

मावशी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. लॅब हा शब्द ऐकून पांढरी फरशी वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. दवाखान्याच्या मागे, जिन्याखालून मान वाकवून जायचं, अशी एक खोली. टेबलावर प्लास्टरचे जबडे रांगेने आ वासून ठेवलेले, मेण वितळवायला एक बारीकशी ज्योत, आणि मावशीच्या नखांत कायम गुलाबी पावडर. माणूस भेटला की तिची नजर आधी त्याच्या तोंडात शिरते, बाकीचा माणूस मागाहून. माझे बाबा आईला बघायला आले होते तेव्हा घरातल्यांनी नोकरी विचारली, घर विचारलं. मावशीने स्वयंपाकघरात येऊन निकाल दिला, "खालची रांग जरा दाटीवाटीची आहे, पण मुळं घट्ट आहेत. हो म्हण."

तर, कवळी तिने केलेली. मग ती सैल कशी, असं विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं. "कवळी सैल नव्हती," ती म्हणाली, "शिवी मोठी होती."

आता कुणी म्हणेल, इतकी वर्षं शेजारी बसून हिला कळलं नाही, की या माणसाच्या तोंडात आपलेच दात आहेत? नाहीच कळलं, कारण ल रांगेत नाव चालत नाही. गोलपोस्टच्या मागचा जुना स्टँड, त्यातली ल रांग, आणि त्या रांगेत खुर्चीचा नंबर हेच तुमचं नाव. मावशी एकेचाळीस. घड्याळजी बेचाळीस. नाव, आडनाव, धंदा, घरी कोण कोण असतं, हे काही विचारायचं नाही. लॅबमधल्या डब्यावर घड्याळजींचं नाव चांगलं ठळक लिहिलेलं होतं, पण बेचाळीस म्हणजे तेच, हे तिला कुठून कळणार? आणि कवळी उडाल्यावर कळलं, तेव्हा तिने काय केलं? "विसरून टाकलं. कामाचं नाव कामावर."

मावशी या भानगडीत पडली तीसुद्धा दातामुळेच. बावीस वर्षांची होती. गोलकीपरचा पुढचा दात पडला होता आणि मॅचच्या आधी नवा पोचवायला डॉक्टरांनी तिला पिटाळलं. दात बसला. आता आलेच आहे तर टिकतो का बघू, म्हणून ती मागच्या स्टँडमध्ये जाऊन टेकली. दात टिकला. गोलकीपर मात्र पाच गोल खाऊन गेला. तिला त्या माणसाची इतकी दया आली, की पुढच्या मॅचला ती पुन्हा गेली, मग तिसऱ्या, मग सरळ सीझनचा पासच काढला. तेव्हापासून एकतीस वर्षं. या एकतीस वर्षांत संघाने एक कप जिंकला, आणि तोही समोरची टीम बस चुकल्यामुळे आलीच नाही म्हणून.

एकतीस हा आकडा मावशी कुठेही घुसवते. भाजीवाला म्हणाला, कालच आली आहेत, ताजी आहेत, तर ही म्हणते, "एकतीस वर्षं मैदानावर जातेय, मला ताजं नि शिळं शिकवू नकोस." दोघांचा एकमेकांशी काय संबंध, हे भाजीवाल्यालाही कळत नाही. मैदानाच्या दाराशी भिंतीवर तीस वर्षं पूर्ण केलेल्यांच्या पितळी पाट्या आहेत. मावशीची पाटी गेल्या वर्षी लागली. प्रत्येक मॅचला आत शिरताना ती पदर फिरवून पाटी पुसायची. स्वतःचीच, फक्त. शेजारची कळकट पाटी तशीच.

आणि मग क्लबमध्ये नवा साहेब आला. याचं काम जाहिरातीचं. त्याचे दात, मावशीच्या मते, विकत घेतलेले. त्याने जुन्या पासवाल्यांना हॉलमध्ये बोलावलं, हातात माईक घेतला आणि इकडून तिकडे येरझारा घालत म्हणाला, "बघा, आपण काय करतोय? आपण लॉयल्टीला रिवॉर्ड करतोय! आणि त्याच वेळी काय करतोय? न्यू फॅन्सना वेलकम करतोय! विन-विन!" स्वतःच प्रश्न विचारायचा आणि स्वतःच धावत जाऊन उत्तर पकडायचं, अशी त्याची पद्धत. समोर दीडशे माणसं नुसती बसलेली. मागून कुणीतरी म्हणालं, "नुसतं विनच करा की. एकदा तरी."

योजना अशी: पंचवीस वर्षांवरच्या सगळ्या निष्ठावंतांना मधल्या स्टँडमध्ये छपराखाली गादीच्या खुर्च्या. मागचा स्टँड, जिथे खरा आरडाओरडा होतो, तो नव्या चाहत्यांना मोकळा. निष्ठावंतांच्या खुर्च्या आडनावाच्या अक्षरांप्रमाणे. मावशीचं आडनाव अक्षरांच्या एका टोकाला, बेचाळीसचं पार दुसऱ्या. मध्ये एकशे तीस निष्ठावंत.

यात बिघडलं काय? बिघडलं असं, की घड्याळजींना आता चेंडू दिसत नाही. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं जुळवली, त्यात नजर गेली. हिरवं दिसतं आणि त्यावर काहीतरी हलतंय एवढं दिसतं, बस. गेली तीन वर्षं मॅच मावशी बघते आणि ते ऐकतात. "आला, आला, डावीकडून आपला टकल्या आला... घसरला. नाही हो, कुणी पाडलं नाही, आपणहूनच." खोटं ती बोलत नाही. फक्त आपल्यावर गोल होतो तेव्हा थोडं सावकाश सांगते.

तिने हॉलच्या बाहेर त्यांना जागांची भानगड समजावून सांगितली. घड्याळजी म्हणाले, "असू दे हो एकेचाळीस. तुम्ही बसा गादीवर. मी घरी रेडिओ लावेन."

"रेडिओवर आपली मॅच लावत नाहीत, बेचाळीस."

"मग दुसऱ्या कुणाची ऐकेन."

हे मात्र मावशीला झोंबलं. दुसऱ्या कुणाची!

तिने तक्रारीचा फॉर्म आणला. त्यात एक रकाना होता: कुणाशेजारी बसू इच्छिता? मावशीने एकतीस वर्षांच्या सवयीने ठसठशीत लिहिलं, बेचाळीस. आठवड्याने साहेबाचं पत्र आलं. एका निष्ठावंतासोबत बेचाळीस व्यक्तींची आसनव्यवस्था करणे शक्य नसल्याबद्दल दिलगीर आहोत.

काका पत्र वाचून इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मावशी हसली नाही. पुढच्या मॅचला ती खुर्चीत अवघडून बसली आणि मधल्या सुट्टीत तिने एकदाचं विचारलं, "अहो, तुमचं... नाव काय म्हणालात?"

घड्याळजी सटपटलेच. "एकतीस वर्षांनी नाव विचारताय? माझं काही चुकलं का?"

चाळीस नंबरच्या बाईंनी तर मान फिरवली, जणू भर चौकात कुणाचं धोतर सुटलं. तरीही नाव मिळालं, मावशी ते तळहातावर लिहून तिकिटाच्या खिडकीवर गेली, आणि खिडकीवरच्या पोरीने च्युइंगम गालात सरकवून सांगितलं, "मॅडम, यादी लॉक झाली."

"मग उघड."

"सिस्टीम उघडत नाही."

"मागचा स्टँड तरी आहे ना जागेवर? आमच्या खुर्च्या?"

"त्या नव्या चाहत्यांना. त्यांना आवडेल ती खुर्ची, त्यांनी स्वतः निवडायची. निष्ठावंतांना निवडता येत नाही, त्यांना सन्मान आहे."

मावशी खिडकीला नाक लावून उभी राहिली. मग तिने हळूच विचारलं, "आणि माझ्याकडे पासच नसता तर?"

"पास रद्द केला की तुम्ही नव्या."

"एकतीस वर्षं कुठे जातात मग?"

पोरीने स्क्रीन बघितला. "झीरो होतात."

त्या दिवशी मावशी लॅबमध्ये गेली आणि तिने एका गिऱ्हाइकाला वरच्या जबड्यात खालचे दात लावून ठेवले. हे तिच्या हातून आजवर झालेलं नव्हतं. सगळे दात मेणातून उपटून पुन्हा लावावे लागले. घरी आली तरी बोलेना. काका म्हणाले, "जा की गादीवर, पाठीला बरं." ती म्हणाली, "माझ्या पाठीचं मी बघते." रात्रीच्या जेवणाला ती एकदाही एकतीस म्हणाली नाही. तेव्हा आम्ही घाबरलो.

सकाळी खिडकी उघडायच्या आधी ती तिथे हजर. पास आत सरकवला. पोरीने दोनदा विचारलं, नक्की ना? मावशी म्हणाली, "दात उपटताना दोनदा विचारत नाहीत. उपट." पास रद्द झाला. तासाभरात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन एक माणूस आला आणि भिंतीवरची पाटी निघाली. मावशीने ती मागितली. तो म्हणाला, क्लबची मालमत्ता आहे. मावशी म्हणाली, "माझ्या पदराने चकाकलीये ती," पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

मग ती त्याच खिडकीवर, त्याच पोरीसमोर, रांगेत पुन्हा पहिल्यापासून उभी राहिली.

"बोला मॅडम."

"मी नवी आहे. हे फुटबॉल-फुटबॉल म्हणतात, ते बघावं म्हणते."

पोरीचा च्युइंगम पडला. "कुठली खुर्ची देऊ?"

"आता मला काय माहीत, बाई. मी नवखी. ल रांगेत एकेचाळीस आहे का बघ. आणि बेचाळीस यांच्यासाठी." मागे घड्याळजी उभे होते, आपला रद्द झालेला पास हातात धरून. त्यांच्या मागे चाळीस नंबरच्या बाई. त्यांच्या मागे आख्खी ल रांग, एकूण नऊ जण, सगळे चेहऱ्यावर जमेल तेवढा भोळेपणा आणून. नऊ माणसांची दोनशे साठ वर्षं त्या सकाळी झीरो झाली.

प्रत्येक नव्या चाहत्याला क्लबकडून एक टोपी, एक शिट्टी आणि "ओळख फुटबॉलची" नावाची पुस्तिका मिळाली. मावशीने ती बसल्या बसल्या वाचली, ऑफसाइडच्या पानावर दोन चुका काढल्या, पेनाने दुरुस्त केल्या आणि पुस्तिका साहेबाला परत पाठवली.

साहेबाला मात्र यातलं काही कळलं नाही. एका सकाळी नऊ नवे चाहते! पहिल्या मॅचला त्याने मावशीला मैदानात बोलावलं, क्लबचं शुभचिन्ह म्हणून कासवाचा पोशाख घातलेल्या माणसाशेजारी उभं केलं आणि माईक तिच्या तोंडाशी धरला. "मावशी, पहिल्यांदाच आलात! काय वाटतंय? मस्त वाटतंय! हो ना?"

मावशीने त्याच्या दातांकडे बघितलं. "वरचा डावा सुळा हलतोय तुमचा. वेळेवर दाखवा."

सगळं स्टेडियम हसलं. साहेबाने तोंड मिटलं, ते मॅच संपेपर्यंत. कासवाने टाळ्या वाजवल्या.

आता पैजेचं सांगायला हवं. त्या मुक्या जेवणानंतर मावशीने खिडकीवरचं सगळं सांगितलं, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "तू एकतीस वर्षं सोडणार नाहीस. शक्यच नाही. तू गादीवर जाऊन बसशील आणि गादीला नावं ठेवशील."

"लाव पैज."

"लावली! हरले तर आख्खा सीझन तुझ्या रांगेत येऊन बसेन." मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पैज खिशात होती. मावशी आणि तिचा आकडा, दोघांना वेगळं करता येतं, असं कुणालाच वाटलं नसतं.

तेव्हा आता मी अडतीस. त्या सीझनला क्लबने किती नवे चाहते जोडले, याचा मोठा फलक साहेबाने दाराशी लावला आहे. ल रांगेपुरतं बोलायचं तर त्यातली खरोखरची नवी मी एकटीच. पहिली मॅच आम्ही चार-शून्य हरलो. मावशी बेचाळीसच्या कानाशी चारही गोल अगदी सावकाश सांगत होती. मी तर येतानाच हरून आले होते, त्यामुळे रुळायला वेळ लागला नाही.