मोगीबाईची माती

माझ्या वह्यांत सगळं सापडतं – विळे किती, बादल्या किती, कोण किती वाजता आलं. ही गोष्ट मात्र सापडणार नाही. ती मी कुठे लिहिली नाही, कोणाजवळ बोललेही नाही. तुम्हांला सांगते. कुठून सुरू करावं ते मात्र नीट कळत नाही.

तळोद्याबाहेर आमचं छोटं प्रशिक्षण केंद्र आहे. बागा आणि आवारं विषारी औषधांशिवाय, रासायनिक खतांशिवाय कशी सांभाळायची, ते मी शिकवते. जीवामृत करायला शेण, गोमूत्र, गूळ, बेसन लागतं – आणि मूठभर जिवंत माती. ही माती प्रत्येकीनं स्वतःच्या बांधावरून आणायची, हा माझाच नियम. मोगीबाई खापर गावाकडची. तिनं महूच्या झाडाखालची माती फडक्यात बांधून आणली, तेव्हा मी ती सगळ्यांना हुंगायला लावली होती. "अशी पाहिजे," म्हणाले होते.

तुकडीच्या शेवटी एका निवासी शाळेची माणसं येणार होती. बागेच्या कायम कामासाठी एकीला निवडणार होती. ते काम मोगीबाईला मिळालं असतं, तर दर दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणं थांबलं असतं. सगळ्यांत नेटका हात तिचाच. पण तिच्या वाट्याचं लॉन जरा पिवळट दिसत होतं. आठवडाभर थांबलं असतं तर सावरलं असतं – हे मीच शिकवते ना?

तरीही सोमवारी, सगळ्या जेवायला बसल्या असताना, मी त्या लॉनवर युरिया फेकला. कोरडाच, मुठीमुठीनं. वरून पाणी दिलं नाही. पाईप ओढला असता तर कोणीतरी पाहिलं असतं. तिच्यासाठी केलं? की माझ्या पद्धतीची लाज राखायला? मला अजून सांगता येत नाही. दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्ही खोटं.

बुधवारी लॉनवर युरियानं करपलेले चट्टे उठले. गुरुवारी पाहुणे आले. त्यांतल्या एकानं विचारलं, "हे काय झालं?"

मी क्षणभरही थांबले नाही – हेच मला समजत नाही. म्हणाले, "मोगीबाईंनी घरची माती टाकली होती. त्यातून रोग आला असेल."

मोगीबाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली. "मन्हीज चूक व्हयी, ताई. माती मन्हीज व्हती." तिचा माझ्यावर विश्वास होता. मी बाई होते ना – शिकवणारी.

काम दुसरीला मिळालं. मोगीबाई दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली.

दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, ती परत आली – नणंदेला नव्या तुकडीत सोडायला. हसून भेटली. मीही हसले. आठ जणी जीवामृताच्या पिंपाभोवती बसल्या होत्या, मातीची पुडकी मांडीवर. मोगीबाई सरळ त्यांच्यात जाऊन बसली.

"घरनी माती टाकू नका बरं," ती म्हणाली. "मी टाकी व्हती, तं आख्खी लॉन जळी गयी! मन्हं नावच कटी गयं."

एक जण म्हणाली, "तुन्ही माती शे का इस्तू?" माती की विस्तव! सगळ्या खळखळून हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मोगीबाईच.

मग एकेक उठली आणि पुडकी कुंपणापाशी रिकामी करू लागली. मला तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. पहिलीपासून आठवीपर्यंत – मी मोजत होते, का मोजत होते कोण जाणे.

मोगीबाईनं माझ्याकडे वळून विचारलं, "बराबर ना, ताई?"

मी "हो" म्हणाले.