साडूंचं एकच जाळं

आमच्या साडूंच्या घरातली कुठलीही पिन काढण्याआधी परवानगी घ्यावी लागते, हे मला पिन काढल्यावर कळलं. जळोचीला त्यांच्या हॉलमध्ये मोबाइल चार्जिंगला लावायला मी एक काळी पिन उपसली आणि वरखालचं इंटरनेट, गोठ्यातला कॅमेरा आणि मेहुणीची मालिका एकदम बंद पडली. साडू आतून आले ते थेट लढाईवर निघाल्यासारखे. "लाइन कुणी तोडली?" मी बायकोकडे बघितलं. बायकोनं माझ्याकडे बोट केलं. फितुरी घरातूनच होते.

दोन वायरी शेजारून वेगवेगळ्या गेलेल्या ज्यांना बघवत नाहीत, असे अख्ख्या पुणे जिल्ह्यात आमचे साडू एकटेच. फौजेत सिग्नलमध्ये सुभेदार होते आणि शेवटची वर्षं त्यांनी एकाच कामात घालवली: छावणीतली कॉम्प्युटरची जुनी, विखुरलेली जाळी मोडून एकच नवं जाळं करायचं. प्रत्येक ऑफिसचं मशीन वेगळं, पासवर्ड वेगळा आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. "एका मशिनीत जवान रजेवर, दुसरीत हजर, अन् तिसरीत त्येचं दूध-अंडं रोज चालू!" साडू रंगात येऊन सांगतात. "वायरी जोडायला काय लागतंय? पर जो तो म्हणायचा, आमचं मशीन आमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेनात. त्यांनी टीव्हीचे आणि पंख्यांचे रिमोट एकत्र केले. तेव्हापासून आवाज वाढवला की पंखा फिरतो. मग घराण्याचे तीन व्हॉट्सॲप ग्रुप मोडून एकच केला. सासरच्यांबद्दल माहेरी लिहायची सवय असलेल्या बायकांनी सवयीनं लिहिलं आणि सगळ्यांनी वाचलं. त्या दिवाळीला फराळाला कोणी कोणाकडे गेलं नाही.

पण भिंतीपलीकडचं धाकट्या भावाचं घर त्यांना जोडता येत नव्हतं. वाटणी झाल्यापासून दोघांत अबोला. "अख्खी छावणी जोडली, अन् हितं एक भिंत ओलांडंना," असं ते एकदा मला म्हणाले आणि उगाच राउटर पुसत बसले.

मग धाकट्याचं इंटरनेट वरचेवर बंद पडू लागलं आणि त्याच्या बायकोनं आमच्या मेहुणीला हळूच विचारलं, "तुमच्यातलं जरा आमालाबी देता का?" साडूंनी त्याच दिवशी भिंतीखालून पाइप घालून वायर पलीकडे नेली आणि तिच्या टोकाला वायफायचा एक डबाही दिला. पासवर्ड मात्र देईनात. "फोनवर न्हाय, कागदावर न्हाय, बायकांच्या हाती तर न्हायच. ज्येला पायजे त्यानं समोर यावं. फौजेचा नियम हाय." मेहुणीनं कपाळाला हात लावला.

रविवारी आम्ही तिथं असतानाच, मॅच सुरू व्हायच्या बेताला, धाकटे दारात उभे राहिले. चप्पल पायातच.

"पासवर्ड."

साडूंनी सांगितला. पासवर्ड कसला, मालगाडीच ती! अक्षरं, आकडे, मधेच हॅश, पुन्हा आकडे. धाकटे पुटपुटत गेले आणि फाटकातनं परत आले. "हॅशच्या म्होरं काय?" साडूंनी पुन्हा सांगितला. गेले. परत आले. या खेपेला चप्पल काढली.

"दादा, जरा हळू सांग की रं."

"आधी बस. च्या टाकलाय."

धाकटे बसले. चहा झाला, गाईचं झालं, कारखान्याच्या उसाच्या तोडीचं झालं. पलीकडे मॅचची कितीतरी षटकं निघून गेली असतील. कोणी नाव काढलं नाही. उठता उठता धाकट्यांनी विचारलं, "ह्यो आता कायमचा का?"

"न्हाय. दर म्हैन्याला बदलतो. नियम हाय."

"व्हय का," एवढंच म्हणून ते गेले. त्यांच्या घराचं दार लागेपर्यंत साडू आपल्या दारात उभे होते.

इंदापूरला आमच्या घरी परतताना गाडीत मी म्हणालो, "असला नियम फौजेत खरंच असंल का गं?" बायको म्हणाली, "दाजींना फोन करा. म्हणावं, म्हैना लई लांब हुतो. आठवड्याला बदला."