फर्स्ट लेडीचं तिकीट

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता न्यूझीलंडातल्या अप्पर हट गावच्या काकांचं नाव घेईन. आणि पोस्टाच्या तिकिटावाचून ज्याचं पानही हलत नाही असा माणूस या पृथ्वीवर कोण, असं विचारलं तरी मला तेच नाव घ्यावं लागेल. काकांच्या मते जगात जी गोष्ट तिकिटावर आली नाही ती नीट घडलेलीच नसते. युद्ध, शोध, पूल, पक्षी, खेळाडू, सगळ्यांची त्यांच्याकडे एकच परीक्षा असे. एखाद्या थोर माणसाचं कौतुक चाललं असलं की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "ते सगळं ठीक आहे. तिकीट निघालं का त्याचं?" नाही म्हटलं की त्या माणसाचं थोरपण तिथेच संपायचं.

मी जिंतूरचा. वडील मोंढ्यात हमाली करायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. शिकायला न्यूझीलंडला आलो, शिक्षण संपलं आणि नोकरी मिळेना, तेव्हा कोणीतरी काकांचा पत्ता दिला. काका सरकारी खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले, काकू जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी ऑकलंडला हिल्सबरोमध्ये. त्यांनी मला मागची खोली दिली आणि अट एकच घातली, घरी येणारं एकही पाकीट फाडायचं नाही, कात्रीने कापायचं. स्वयंपाकघरातल्या निम्म्या वाट्यांमध्ये तिकिटं भिजत पडलेली असत. पाकिटावरून तिकीट सुटायला पाणी लागतं, हे मला माहीत नव्हतं. एकदा घाईत मी तशाच एका वाटीत आमटी वाढून घेतली आणि जेवताना मला तळाशी किवी पक्षी सापडला. काकांनी शर्टाच्या खिशातला चिमटा काढून पक्षी उचलला, नळाखाली धुतला, उजेडात धरला आणि घरातलं माणूस आजारी असावं अशा आवाजात म्हणाले, "हळद लागली रे याला." जेवण त्यांना गेलं नाही. माझं काय झालं हे विचारायचंही ते विसरले.

मुलाखतीची तयारी त्यांनीच माझ्याकडून करून घेतली. ते स्वतः टाय लावून टेबलापलीकडे साहेब होऊन बसायचे आणि मला दार वाजवून आत यायला लावायचे. "हाउज इट गोइंग?" असं विचारलं की मी प्रामाणिकपणे सांगायचो की कालपासून सर्दी आहे आणि वडिलांची पाठ दुखते. काका टाय सोडून ओरडायचे, "अरे, तो विचारत नाहीये! तो फक्त नमस्कार करतोय! 'गुड थँक्स' म्हण आणि बस!" तरीही चार ठिकाणांहून नकार आले. अशाच एका नकाराच्या आठवड्यात माझ्या नावाचं पाकीट पेटीत आलं. आत काकांचं अक्षर: "तुझा अर्ज नाकारला हे वाईट झालं. उद्या दुसरा पाठव. भात कमी खा." समोरच्या खोलीत बसून लिहिलेलं ते पत्र गावातल्या पेटीत पडून, कुठल्याकुठे फिरून, दोन दिवसांनी मागच्या खोलीत आलं होतं. मी म्हटलं, "काका, हाक मारायची ना." ते म्हणाले, "हाक मारलेलं राहतं का?" माझ्या आईवडिलांना लिहिता येत नाही. त्यामुळे मला आयुष्यात आलेलं ते पहिलं घरचं पत्र. पुढे वेलिंग्टनला पाण्याच्या पाइपलाइनचं काम करणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही लोअर हटला राहायला आलो, पण काकांची पत्रं थांबली नाहीत. माझी मुलगी म्हणायची, "काका, यू कुड जस्ट टेक्स्ट हिम, ए?" काका तिलाच एक पोस्टकार्ड टाकायचे.

आता नलूताईंबद्दल सांगायला हवं. आमच्या मराठी मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांच्या त्या पत्नी. काका त्यांना फर्स्ट लेडी म्हणत, आणि थट्टेने नव्हे. "या देशाला राष्ट्राध्यक्ष नाही, म्हणजे फर्स्ट लेडीची जागा रिकामी आहे," असा त्यांचा सरळ हिशेब होता. नलूताईंचं कार्य म्हणाल तर त्यांनी हट व्हॅलीत नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी बाईला गाडी चालवायला शिकवलं. नवरा ऑफिसला, मूल शाळेत आणि बस तासाने, अशा घरात कोंडलेली बाई कळली की नलूताई त्यांची जुनी गाडी घेऊन दारात हजर. डोंगरउतारावरच्या अरुंद रस्त्यांवर गाडी थांबवायला लावायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता रड हवं तर, पण ब्रेकवरचा पाय काढू नकोस." माझी बायको सुषमा त्यांच्याकडेच शिकली. गंमत अशी की लायसन्स मिळालं की या बायका हव्या तिथे जायला मोकळ्या व्हायच्या आणि नलूताईंकडे जायचं तेवढं राहून जायचं. अध्यक्षसाहेब वारले, मंडळाचे अध्यक्ष बदलत गेले. नलूताईंनी फोन बदलला तेव्हा मंडळाच्या ग्रुपमधून त्यांचं नाव गेलं, आणि ते गेल्याचंही कोणाच्या लक्षात आलं नाही. अखेर ब्रिस्बेनच्या मुलाने ठरवलं की आईने घर विकून आपल्याकडे यावं. "तिथे तुझं आहे कोण?" असं त्याने विचारलं. अंगणात विक्रीचा बोर्ड लागला.

ही बातमी ऐकून काकांनी अख्खा दिवस एकही तिकीट भिजत घातलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "एकच उपाय आहे. त्यांचं तिकीट काढायचं. ज्या बाईचं तिकीट निघालंय ती देश सोडून जाते होय?" त्यांनी टपाल खात्याला लांबलचक पत्र लिहिलं. खात्याचं सभ्य उत्तर आलं: सूचनेबद्दल आभार, पण पुढचे विषय आधीच ठरले आहेत. उत्तर नकाराचं होतं, पण पाकिटावर नव्या मालिकेतलं तिकीट होतं, त्यामुळे काकांचा तो दिवस तसा बरा गेला. मग मी भीत भीत सांगितलं की हल्ली आपण चित्र दिलं तर त्याचं खरं तिकीट छापून मिळतं.

"म्हणजे उद्या कोणीही आपल्या कुत्र्याचं तिकीट काढेल!"

"काढतात, काका."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग हळूच म्हणाले, "पत्रावर चालतं ना? वर शिक्का बसतो ना?" मी हो म्हटलं. "मग ते तिकीट. लाग कामाला."

मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना कल्पना पसंत पडली आणि तिथूनच घोळ सुरू झाला. डाव्या कोपऱ्यात मंडळाचं बोधचिन्ह, उजव्या कोपऱ्यात विद्यमान अध्यक्षांचा फोटो, खाली कार्यकारिणी आणि सगळ्यांत खाली केटरिंग देणाऱ्यांचं नाव, असा आराखडा निघाला. काका उठून उभे राहिले. "तिकीट आहे हे, चौकातला फ्लेक्स नाही! एवढे सगळे बसवलेत तर नलूताईंना मागे, गोंद लावतात तिथे बसवावं लागेल!" शेवटी कसंबसं एकच चित्र ठरलं, आणि जाहीर होईपर्यंत घरीसुद्धा कोणी बोलायचं नाही असंही. ताईंचा जुना कृष्णधवल फोटो: स्टिअरिंगवर दोन्ही हात, मान किंचित वळलेली, शेजारच्या बाईला काहीतरी सुनावत असलेल्या.

शनिवारी सकाळी मंडळाचा सेक्रेटरी निखिल याने ते चित्र ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "आपल्या सर्वांच्या लाडक्या नलूताई." आणि त्याखाली तिकिटाची आणि ते प्रकाशित करण्याच्या समारंभाची सविस्तर माहिती. आपल्याकडे माणसाचं तिकीट तो गेल्यावरच निघतं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यात फोटो कृष्णधवल, भोवती चौकट. माहिती वाचायला कोणी खाली गेलंच नाही. पहिली "भावपूर्ण श्रद्धांजली" आली आणि तिच्यामागे रांग लागली. एकट्या अप्पर हटच्या पाटणकरकाकूंनी नीट वाचून "वा, अभिनंदन!" लिहिलं, तर त्यांनाच तिघींनी झापलं. निखिल क्रिकेट खेळायला गेला होता आणि त्याचा फोन गाडीत होता. मी खुलासा टाकला, पण तो फुलांच्या आणि जोडलेल्या हातांच्या पुरात वाहून गेला. मी काकांना गाडीत घातलं आणि नलूताईंचं घर गाठायला निघालो. वाटेत काका एकच वाक्य पुटपुटत होते, "थांबवायला गेलो आणि मारून बसलो रे."

आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या. बायका हातात डबे घेऊन, पदराने आणि जॅकेटच्या बाहीने डोळे पुसत उतरत होत्या. विक्रीच्या बोर्डाशेजारी, अंगात स्वेटर आणि पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा नलूताई उभ्या.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांत पुढची बाई किंचाळलीच. "ताई, तुम्ही!"

"मी कशाला जाते? आणि ती सिल्व्हर गाडी कोणाची आहे?"

"माझी, ताई," मागून आवाज आला. तो सुषमाचा होता; ती सकाळपासून मैत्रिणीकडे होती, तिथूनच परस्पर आली होती.

"उतारावर लावताना चाक कडेकडे वळवायचं, किती वेळा सांगितलं होतं? मेलेल्या बाईच्या दारात तरी गाडी नीट लाव!"

सुषमा रडत रडत परत गेली आणि तिने चाक वळवलं. मग आणखी चार-पाच जणी न सांगताच आपापल्या गाड्यांकडे गेल्या.

आत डबे उघडले तेव्हा प्रत्येकात पिठलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून प्रत्येकीने आपल्या घरून पिठलं-भाकरी आणली होती. ताई एकेक झाकण उचलत म्हणाल्या, "एकीलाही दुसरं काही सुचू नये? बरं, बसा. आता आलाच आहात तर खाऊन जा." कोणी जमिनीवर, कोणी सोफ्याच्या हातावर, कोणी खिडकीत बसलं. इतक्या वर्षांत काय काय झालं ते सगळ्याजणी एकदमच सांगू लागल्या. काका मात्र उंबऱ्याबाहेर बूट घालून तसेच उभे. ताईंनी ताट करून त्यांच्या हातात दिलं. "तुमचंच ना हे काम? मला मारून झालं, आता पिठलं तरी खा."

तेवढ्यात ब्रिस्बेनहून फोन आला. श्रद्धांजली तिथवर पोचली होती. मुलाला धड बोलता येत नव्हतं. "अरे, मीच बोलतेय," ताई म्हणाल्या. पलीकडे आधी रडणं, मग संताप. "आई, काय वेडी माणसं आहेत ही! म्हणून म्हणतो, तिथे तुझं कोणी नाहीये..."

"जरा मोठ्याने बोल रे," ताई म्हणाल्या, "इथे फार गलका आहे."

फोन कानाला लावून त्यांनी एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "आणि हे बघ, त्या एजंटाला फोन करून बोर्ड काढायला सांग."

समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. काका सूट घालून आले, भाषणात "युअर एक्सलन्सी" म्हणाले, आणि ताईंनी त्यांना खाली बसायला सांगितलं. तिकिटं सुरेख छापली होती. एवढी सुरेख, की कोणी पाकिटावर लावेना. कोणी फ्रिजवर लावलं, कोणी प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवलं. काका ज्याला त्याला म्हणत फिरले, "अहो, पत्र लिहा, शिक्का बसू द्या." सगळे "हो हो, नक्की" म्हणाले आणि फोटो काढून घरी गेले.

त्या हिवाळ्यात पायरीवरच्या गोठलेल्या दहिवरावरून काका घसरले. हाड जुळलं, पण मुलगी त्यांना एकटं ठेवायला तयार नव्हती. तिची काही चूक नाही. आम्ही त्यांचे अल्बम खोक्यांत भरले आणि काका हिल्सबरोला गेले. तिथून ते फोनवर "ठीक आहे" एवढंच म्हणतात आणि रिसीव्हर लेकीला देतात. परवा मी बसलो आणि त्यांना हे लिहून पाठवलं:

"तीर्थरूप काकांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही बोलत नाही, म्हणून लिहितो. वाक्यं चुकली तर सांभाळून घ्या.

नलूताई ठणठणीत आहेत. रविवारी त्यांच्याकडे जागा मिळत नाही, आम्ही शनिवारी जातो. पुण्याहून आलेली एक नवी मुलगी त्यांच्याकडे गाडी शिकते आहे आणि रोज रडते. परवा ताई मला म्हणाल्या, 'दुसऱ्याला थांबवायचं आणि आपण निघून जायचं, ही कुठली रीत? विचार त्यांना.' म्हणून विचारतो. उत्तर मला नको, त्यांना पाठवा.

मला ऑफिसात बढती मिळाली. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, 'त्या काकांना कळवलंस का आधी?' नव्हतं कळवलं. आता कळवतो आहे. ती बातमी बोलून संपवावी असं वाटलं नाही.

पाकिटावर तिकीट ताईंचं लावलं आहे. शिक्का कुठे बसतो ते मला इथून दिसणार नाही. चेहऱ्यावर बसला नसेल अशी आशा आहे.

पत्र मिळाल्याचं फोनवर कळवू नका. मी पेटी बघत जाईन.

तुमचा,
संतोष"