ग्यानबाकाकांच्या गालावरची हळद

शिरपूरच्या बसस्टँडसमोर तीस वर्षांपासून माझा स्टुडिओ आहे. वहाब व्हिडिओवाला म्हटलं की पार मेडशीपर्यंत लोक ओळखतात. एके काळी माझ्या मिक्सिंगची अशी चलती होती की लोक माझी सवड विचारून लग्नाची तारीख धरत. मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या कॅसेटमध्ये सिनेमाचे तुकडे घालायचे. नवरदेव लुनावरून उतरला की लगेच हिरोचा घोडा, नवरीची आत्या रुसली की डरकाळी फोडणारा वाघ. लोक पोट धरून हसायचे आणि मी कॉलर ताठ करून फिरायचो. आज ते आठवलं की तोंड कुठं लपवावं कळत नाही.

गेल्या महिन्यात मेडशीची रूपा आली. सत्त्याण्णव साली तिच्या लग्नाची कॅसेट मीच केली होती. तिनं ती पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

"वहाबभाऊ, हे पेनड्राइव्हमध्ये करून द्या. बाबा तर गेला, आता चालताबोलता एवढ्यातच दिसते. संघपालदादाले पाठवाचं आहे."

संघपाल तिचा मोठा भाऊ. त्याचं नाव ऐकलं आणि मी उगाच वायरी शोधायला लागलो.

तेव्हा तो बावीस-तेवीसचा असेल. उंचपुरा, सावळा, वडिलांच्या बरोबरीनं शेतात राबणारा. जयंतीच्या मिरवणुकीत त्याच्या हाती लेझीम आली की म्हाताऱ्यासुद्धा ओट्यावर उभ्या राहून बघायच्या. बहिणीच्या वरातीत तर तो असा नाचला की बँडवाल्यांना थांबायचं भान राहिलं नाही. कंबर जरा मोकळी होती, हात जरा नाजूक वळायचे, इतकंच. त्याच्या मनात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. विचारायची गरजही वाटली नाही, कारण सिनेमानं मला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं.

जुन्या सिनेमांत असा एक जण असायचाच. फुलाफुलांचा शर्ट, लचकणारी कंबर, लुळा हात. तो हिरोच्या गालाला हात लावायचा, हिरो दचकून पळायचा, मागे कसलीतरी विचित्र पिपाणी वाजायची, आणि मग पडद्यावर एकामागून एक हसणारी तोंडं. त्या बिचाऱ्याला घर नसायचं, आई नसायची, वाट बघणारं कुणी नसायचं. दोन मिनिटं हसवायचं आणि जायचं. मी त्याला कधी माणसात धरलंच नाही.

तोच मी संघपालच्या नाचात घातला. संघपालची दोन पावलं ठेवली, बाकी सगळा नाच उडवला, त्या जागी सिनेमातला तो लुळ्या हाताचा, आणि त्याला लागूनच, क्षणभरच, संघपालचे वडील ग्यानबाकाका, खळखळून हसताना. जोड इतका बेमालूम बसला की मी स्वतःवरच खूश झालो.

कॅसेट गावभर फिरली. संघपाल दिसला की पोरं हात लुळा करून दाखवायची. पोळ्याच्या आधी एक दिवस तो पिशवी घेऊन माझ्या दुकानासमोर बसची वाट बघत उभा होता. तिथंही कुणीतरी तो हात केला. संघपालनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी आत गेलो आणि दार लावून घेतलं. बस सुटल्याचा आवाज आल्यावर बाहेर आलो.

रूपासमोर कॅसेट लावली. तो तुकडा आला, ती पिपाणी वाजली. मी आवाज कमी केला.

"इथंच दादानं टीव्ही बंद केला होता," रूपा म्हणाली. "लोकं हसले त्याचं त्याले काई नाई वाटलं. म्हणे, बाबा हसला. मंग बाबासोबत बोललाच नाई कधी. नागपूरले एका जणासोबत राह्यते. सतरा वर्षं झाले, एकाच घरात. चांगला माणूस आहे तो, मले ताई म्हणते. बाबा मरेपरेंत विचारे, पोरगं काहून रुसलं माह्यावर. आमी काय सांगाव त्याले?"

मी चित्र थांबवलं. पडद्यावर ग्यानबाकाका हसत होते. अंगात बनियन, डोकं उघडं.

"रूपा, बाबाच्या गालाकडं पाह्य."

ती पुढं वाकली. "हळद आहे."

"वरातीत बाबाच्या डोक्यावर काय होतं?"

"निळा फेटा." तिचा हात तोंडावर गेला.

"हे आदल्या दिवशीचं आहे. हळदीचं. मीच म्हटलं, काका, जरा हसा ना कॅमेऱ्यात. म्हणून हसले. मले हसणारं तोंड पाह्यजे होतं, मी ते इथं आणून लावलं."

"मंग दादा नाचत होता तवा बाबा कुठं होता?"

"माह्या मांगं. कॅमेऱ्याच्या मांगं. खांद्यावर हात ठेवून म्हणे, वहाब, माह्या पोराचा नाच बराबर घेजो, पुरा घेजो."

"ते कुठं आहे?"

ते कुठंच नव्हतं. मूळ कॅसेटवर मी पुढच्याच आठवड्यात दुसरं लग्न घेतलं होतं. तशीच पद्धत होती तेव्हा. एका बापानं विश्वासानं सांगितलेलं एवढंसं काम, आणि ते मी चार हशांसाठी पुसून टाकलं. हे तिला सांगताना मला वर बघवेना.

रूपानं पिशवीतून मोबाइल काढून संघपालचा नंबर शोधला. तिनं फोन लावला आणि माझ्यापुढं धरला. "तुमीच सांगा."

मी सांगितलं. हळद, बनियन, फेटा, सगळं. पलीकडं आधी टीव्हीचा आवाज येत होता, तो कुणीतरी बंद केला.

"बाबा काय म्हणे? पुन्हा सांगा," संघपाल म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. माह्या पोराचा नाच बराबर घेजो, पुरा घेजो.

"अजून एक डाव."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. माफ कर म्हणायचं होतं, त्याआधी तोच बोलला.

"वहाबभाऊ," तो शांतपणे म्हणाला, "तुमचं दुकान बसस्टँडसमोरच होतं. मी गाव सोडलं त्या दिवशी पाऊण घंटा उभा होतो तिथं."