आप्पांनी शाळेत मशीन मांडलं

माझ्या आप्पांना मस्तगड मोहल्ल्यात सगळे ‘बराबर टेलर’ म्हणत. गिऱ्हाईक म्हणालं बाही आखूड झाली, तर आप्पा म्हणत, “बराबर.” तेच गिऱ्हाईक आरशात पाहून म्हणालं ठीकच आहे, तरी “बराबर.” जगात एकाच माणसाशी त्यांना वाद घालावा लागे आणि तो त्यांनी कधी जिंकला नाही. तो माणूस म्हणजे मी, सात वर्षांची.

आई गेल्यावर मी बिथरले होते. आप्पा नजरेआड झाले की वाटायचं, आता तेही परत येणार नाहीत. ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी ताट भिरकवायची, वेणी घालू द्यायची नाही, चावायची. भोकरदनची आत्या म्हणायची, “दादा, दोन ठेवून दे. पोरगी डोक्यावर बसली.” दोऱ्याचं टोक ओलं करत आप्पा म्हणायचे, “बराबर. पण ती भांडून न्हाई राह्यली, भिऊन राह्यली.” आत्याला हा फरक कधी कळला नाही. खरं तर तेव्हा मलाही नाही.

मग मी शाळेत मास्तरांच्या मनगटाला चावले. पुन्हा असं झालं तर पटावरून नाव काढू, असा निरोप आला. आत्या न्यायलाच आली. “माझ्याकडं चार दिवसांत सरळ होईल.” त्या दिवशी आप्पा ‘बराबर’ म्हणाले नाहीत. “एक महिना थांब,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातमशीन डोक्यावर घेतलं आणि शाळेच्या ओसरीवर नेऊन मांडलं. शाळा उर्दू; मोठे मास्तर शेरवानी सावरत बाहेर आले. “दर्जी, ये मदरसा है के दुकान?”

“दोन्ही चालू द्या, हुजूर. बच्ची शिकंल, तुमची नवी शेरवानी बी शिवून होईल. शिलाई न्हाई घेणार.”

मशीन चालू असेतो मी पाढे म्हणे. थांबलं की उठून दाराशी. मग बाहेरून आरोळी येई, “दोरा तुटलाय गं, हाय मी!” सारा वर्ग हसे. हळूहळू मीही हसू लागले.

दर चार दिवसांनी मशीन थोडं लांब सरके. ओसरीवरून लिंबाखाली, तिथून फाटकापाशी. आवाज बारीक होत गेला. एक दिवस भागाकारात मी अशी अडकले की तो कधी बंद झाला, कळलंच नाही. शाळा सुटली तर फाटकाशी कुणी नाही. मी धावत दुकान गाठलं आणि आप्पांच्या पाठीत पाटी हाणली. “फसवलं तुम्ही मला!”

“बराबर,” पाठ चोळत आप्पा म्हणाले. “सकाळच्यालाच उठून आल्तो. तुला पत्ता बी न्हाई!”

महिनाभर थांबलेली आत्या एकटीच भोकरदनला परतली. जाताना म्हणाली, “बापानं पार वाया घालवली.”

मला शाळेत एकटीला सोडून आले त्या दिवशी दुकानात बसून आप्पांनी मोठ्या मास्तरांच्या शेरवानीला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच लावल्या होत्या. माझ्या ते लक्षात आलं, तसे ते घाईघाईनं उसवू लागले.

“कुणाला सांगू नको,” म्हणाले.

ते होते तोवर मी कुणाला सांगितलं नाही.