फण्या मोजल्या कोणी?

मला एक खोड आहे. मोबाइलवर काही अजब वाचलं की माझ्या बोटांना खाज सुटते. "माणूस झोपेत कोळी गिळतो" असं कोणी लिहिलं की मी खाली विचारतो, "मोजले कोणी? उशाशी बसून?" कुठल्याशा देशात म्हणे गायींना गाणी ऐकवली की दूध वाढतं. मी लिहितो, "आमच्या गल्लीत गणपतीचे दहा दिवस डीजे वाजतो, दूधवाल्याच्या म्हशीला विचारून कळवतो." मुंगी कधीच झोपत नाही म्हणे. मग तिच्या घरी मुक्कामाला कोण गेलं होतं?

धुळ्यातल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी अशा दोन-चार बातम्यांचा निकाल लावतो. टेबलावरचे लोक हसतात, अनोळखी लोक लाइक देतात. कामाबद्दल मला आजवर कोणी शाबासकी दिलेली नाही, त्यामुळे या लाइकांचं मला फार अप्रूप आहे. खोटं कशाला बोलू?

माझं सगळ्यात इमानदार गिऱ्हाईक म्हणजे माझे सासरे. चोपड्याजवळच्या एका खेड्यात त्यांची केळी आहे. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणतो. रोज सकाळी शेतात जायच्या आधी ते मला एक बातमी पाठवायचे आणि पाठोपाठ त्यांचा आवाज यायचा, "पाव्हना, हाई खरं शे का?" मी लिहायचो, "नाही आबा." त्यांचं उत्तर ठरलेलं, "बरं." एकदाच, मी सगळंच खोटं ठरवतो म्हणून, ते थोडे अडले होते. "बठ्ठंच खोटं कसं राही हो? काही ते खरं व्हई." मी म्हणालो, "आबा, खरी बातमी अजब नसते, म्हणून ती कोणी पुढे पाठवत नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की दोन दिवस मी ते ऑफिसात चार जणांना ऐकवलं.

आणि मग ती बातमी आली. एका स्थानिक बातम्यांच्या पानावर फोटो होता. "चोपडा तालुक्यात अजब! केळीच्या एकाच घडाला तब्बल सतरा फण्या!" साधारण घडाला नऊ-दहा फण्या असतात, फार तर बारा. एवढं मला सासुरवाडीच्या कृपेने कळतं. फोटोत घड इतका मोठा होता की त्याच्यामागे उभा असलेला माणूस पुरा झाकला गेला होता. घडाखाली फक्त त्याचे पाय दिसत होते. मला हर्ष झाला. अशी बातमी म्हणजे आयती चालून आलेली शिकार.

मी लिहिलं, "राहतो धुळ्यात, पण जावई जळगाव जिल्ह्याचा आहे. मला केळी शिकवू नका. दोन घड एकमेकांना बांधलेत. फण्या मोजल्या कोणी? मागे लपलेल्या त्या बाप्याने?"

संध्याकाळपर्यंत लाइकांचा पाऊस पडला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली कॉमेंट होती ती. कोणी खाली भर घातली, "तो बाप्यापण चिकटवलेला असेल." मी त्यालाही हसरा चेहरा दिला आणि शीळ घालत घरी गेलो.

बायकोने ताट वाढलं, पण माझ्याकडे बघेना. भाजीत मीठ कमी होतं, ते मी बोललो नाही, एवढी अक्कल मला आहे. शेवटी तिनेच मोबाइल माझ्यासमोर धरला.

"मागचा बाप्या म्हणजे आमचे आबा."

"कशावरून?" मी सवयीने बोलून गेलो.

"पाय दिसताहेत ना! दर दिवाळीला त्याच पायांवर डोकं ठेवता तुम्ही."

मी फोटो मोठा करून पाहिला. डाव्या पायाचा वाकडा अंगठा. आबांचाच.

तिने सांगितलं की आबांनी सकाळपासून ती बातमी सगळ्या नातेवाइकांना पाठवली होती. मला सोडून. "का म्हणून मी त्यांना विचारलं," ती म्हणाली. "तर म्हणाले, पाव्हने बातम्या वाचतातच, तेच फोन करतील. दुपारी कोणीतरी त्यांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं."

मला लाज वाटली. पण खोड मोठी वाईट. मी म्हणालो, "ते आबा असतील, मान्य. पण सतरा फण्या शक्य नाही."

"मग चला रविवारी मोजायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा मेसेज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर मी रोज मोबाइल बघत होतो. मंगळ, मुंग्या, कोळी, कशाबद्दलच कोणी मला काही विचारत नव्हतं. आता आबा मला पुन्हा कधी काही विचारणारच नाहीत, या भीतीने माझं जेवणावरचं लक्ष उडालं. टेबलावरच्या लोकांना वाटलं, माझं पोट बिघडलंय.

रविवारी अमळनेरवरून चोपड्याला गेलो. आबांनी नेहमीसारखं हात धुवायला पाणी दिलं, पाट मांडला. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. बट्टीवर तुपाची धार धरली ती मी हात आडवा धरला तरी थांबेना. त्या बातमीबद्दल चकार शब्द नाही. आमच्याकडे जावयाला कोणी चुकलास म्हणत नाही. तो ताटाशी बसून सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणाला तरी त्याला आणखी एक बट्टी वाढतात. मला त्या दिवशी वाटलं, कोणीतरी चार शिव्या घातल्या तर बट्टी गळ्याखाली उतरेल.

शेवटी मीच विचारलं, "आबा, तो घड कुठंय?"

"कापाई गया. माल गाडीमा गया."

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. पुरावा गेला. आता त्यांचं म्हणणं त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी. पण आबा उठले, गोठ्यात गेले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक घेऊन आले. घडाचा दांडा होता. फण्या उतरवून घेतल्या की हा दांडा बांधावर फेकून देतात, कोणी ठेवत नाही. फणी जिथून कापली तिथे त्याच्यावर वण राहतो.

"तुम्हले खोटं वाटनं ना, म्हनीसन ठेवी दिधा," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मोजी ल्या."

मी दांडा मांडीवर घेतला. आधी गाठ शोधली, दोरीची खूण शोधली. काही नव्हतं. दांडा एकच होता, सलग. मग बोट ठेवत वण मोजले. पुन्हा उलटीकडून मोजले. दोन्ही वेळा सोळा भरले.

"कितल्या व्हयन्यात?"

आता आली पंचाईत. बातमीत सतरा होत्या. मी हरलो होतो, पण एका फणीने बरोबरही होतो. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी हळूच म्हणालो, "सोळा, आबा."

"सोळाच शेतस," आबा लगेच म्हणाले. "मी त्या बातमीवाल्याले सोळाच सांगेल व्हतं. त्यानी सतरा लिखं. मी म्हनं, चूक शे, लोके मोजतीन. तो म्हने, आबा, लोके काय मोजतस का?"

ते दांडा पुन्हा गोणपाटात गुंडाळू लागले.

"मी म्हनं, बाकीनं माले माहीत नही. आम्ना जवाई मोजतीन."

कॉमेंट लिहिली तेव्हा फोटो माझ्यासमोर होता. फण्या एकीखाली एक स्वच्छ दिसत होत्या. मोजायला अर्धं मिनिट लागलं असतं. जगभराला "मोजलं कोणी" विचारणाऱ्या मी त्या मोजल्या नव्हत्या. मला तिथे बसवेना आणि उठवेना.

तिथेच ओसरीवर बसून मी माझ्या गाजलेल्या कॉमेंटखाली लिहिलं, "माझी चूक झाली. मी स्वतः मोजल्या. घड एकच, फण्या सोळा. मागे उभे आहेत ते माझे सासरे." दोन लाइक आले. एक बायकोचा, एक आबांचा. तिसरा कोणी अनोळखी माणूस आला आणि त्याने विचारलं, "कशावरून? तू मोजल्यास याला पुरावा काय?" त्याला मात्र भरपूर लाइक मिळाले. मी उत्तर दिलं, "दांडा गोठ्यात आहे. ये आणि मोज. बट्टी मिळेल."

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना मोबाइल वाजला. आबांनी एक धुरकट फोटो पाठवला होता. मंगळावर म्हणे केळीचं झाड दिसलं. पाठोपाठ त्यांचा आवाज आला.

"पाव्हना, हाई खरं शे का? मोजीसन सांगा."